आम्ही इथेच राहतो

चि. सौ. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

"आता तिथे कोण आहे तुमचं? मिरजेला परत जा," असं परवा म्हणालीस. फोनवर माझा आवाज उगाच चढतो, म्हणून लिहितोय. तुझं बिनतोड आहे. मिरजेत पावलापावलावर दवाखाने, स्वतःचं घर, नात्यातली माणसं. तरी आम्ही इथे बंगळुरात, बसवनगुडीतच राहायचं म्हणतोय.

खरं सांगू? तुम्ही कॅनडाला जाईपर्यंत आम्ही तुमच्या घरी राहत होतो, बंगळुरात नाही. नातीची शाळा, तुमची गाडी, रविवारी तुम्ही न्याल ते हॉटेल. तुम्ही गेलात, भाजीपासून बँकेपर्यंत सगळं अंगावर पडलं आणि मग गाव कळायला लागलं.

आईचंच बघ. जून २०२३ मध्ये इथे बायकांना साधी बस फुकट झाली, पण पत्ता कर्नाटकातला हवा. आधारवरचा पत्ता बदल म्हणून मी किती मागे लागलो होतो! "राहू दे, परत जायचंय," म्हणायची. बस फुकट झाल्याबरोबर बाईसाहेबांनी तो बदलून घेतला. आता शून्य रुपयांचं तिकीट काढून एकटी मल्लेश्वरमला जाऊन येते. मला नेत नाही, माझं तिकीट पडतं ना!

थंडीत खालच्या मजल्यावरच्या अज्जी भिजवलेली अवरेकाई घेऊन वर येतात. आपला पावटाच तो. चिमटीत दाबला की दाणा सालीतून टुणकन उडतो, निम्मे सोफ्याखाली. दोघींना एकमेकींचं बोलणं अर्धंमुर्धं कळतं, पण सुनांच्या विषयाला तेवढं पुरतं. मिरजेच्या बाजारातलं माझं कन्नड ऐकून मला मात्र सगळे बेळगावचा समजतात.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. यंदा शेंगा निवडता निवडता मी शेजारच्या माणसाला म्हणालो, "पूर्वीसारखी मजा राहिली नाही हो." आई माझ्याकडे बघतच राहिली.

ट्रॅफिकने जीव नकोसा होतो, ते आहेच. गुडघे अगदीच बोलायला लागले तर बघू. रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की दुसऱ्या दिवशी मिरज.

तिथल्या घराला भाडेकरू बघायला सांगितलंय. माळ्यावरच्या तुझ्या पुस्तकांचं काय करायचं ते कळव.

— बाबा