तुमच्या नावाची पाटी आणि माझा फ्रीज

मा. मंत्रिमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन आपल्या हस्ते झालं. "तीन महिन्यांत एक्सप्रेस फीडर आणि जनरेटर देतो," असं आपण माइकवरून सांगितलंत. एक्सप्रेस फीडर म्हणजे फक्त आमच्यासाठीची स्वतंत्र वीजलाइन. आपल्याला आठवत असेलच असं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, म्हणून मला आठवतं.

गेल्या मंगळवारी रात्री सव्वाअकराला वॉचमन आबांचा फोन आला. "सर, तुमना फ्रीज बोंबली ऱ्हायना." वीज दुपारी चारलाच गेली होती. आबांची ड्युटी रात्री दहाला लागते. त्याआधी तो उणे ऐंशी अंशांचा फ्रीज रिकाम्या इमारतीत किती वेळ एकटाच ओरडत होता, कुणास ठाऊक. मी पोहोचलो तेव्हा आकडा उणे 31 वर आलेला आणि चढतच होता. एप्रिल संपता संपता आमच्याकडची रात्र कशी असते, हे एसी गाडीतून कळत नाही.

जनरेटर आलाय, खोटं का बोलू? अकरा महिन्यांनी आला आणि मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली उभा आहे. त्याची वायरिंग वेगळ्या लेखाशीर्षात बसते म्हणून जोडलेला नाही. एक्सप्रेस फीडरचं नावही कुणी काढत नाही.

थर्माकोलच्या दोन पेट्या भरून मी स्टँडजवळच्या कुल्फीवाल्याचं शटर वाजवलं. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे. बिचाऱ्याने एक शब्द न विचारता मटका कुल्फी बाजूला सारून जागा करून दिली. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेल्या सात नळ्या वाचल्या, कारण त्या उणे वीसलाही तग धरतात. बाकीचं सगळं गेलं. सकाळी फ्रीजच्या तळाशी पाणी होतं, ते मी स्वतः पोछा घेऊन पुसलं.

काय गेलं ते सांगतो, कारण चौकशी झालीच तर 'काही रसायने' अशी नोंद होईल. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची सतत पडझड होत असते. एका पेशीत रोज सुमारे 10,000 ठिकाणी नुसती अक्षरं गळून पडतात, असा टोमास लिंडाल यांचा अंदाज आहे. 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना या दुरुस्तीच्या शोधासाठी मिळालं, त्यांतले ते एक. गळलेल्या जागी एपीई-1 नावाचं एन्झाइम छेद देतं, मग पुढची दुरुस्ती होते. कॅन्सरची पेशीही हीच यंत्रणा वापरते आणि किरणांचा, औषधांचा मार खाऊन पुन्हा उभी राहते. म्हणून या एन्झाइमच्या खाचेत घट्ट बसून त्याला अडवणारा छोटा रेणू आम्ही शोधतो. त्या शोधासाठीचं हे एन्झाइमच फ्रीजमध्ये होतं.

हे दिवास्वप्न नाही. बीआरसीए जनुक बिघडलेल्या पेशींचा दुरुस्तीचा एक रस्ता आधीच बंद असतो. पार्प हे दुसरं एन्झाइम अडवलं की त्या मरतात, हे 2005 मध्ये दोन गटांनी दाखवलं. पार्पला अडवणाऱ्या ओलापॅरिब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर 2014 मध्ये मंजुरी मिळाली. माझी ताई 2013 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. तिची जनुक तपासणी झालीच नव्हती, त्यामुळे ते औषध तिला लागू पडलं असतं की नाही, ते आता कळायचं नाही. ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची. असो, विनंती अर्जात हे लिहायचं नसतं.

आपल्या देशात हे होत नाही असंही नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश राघवन यांच्या गटाने 2012 मध्ये एससीआर-7 हा डीएनएची दुरुस्ती अडवणारा असाच रेणू जगापुढे ठेवला. पुढे त्याच्यावर आक्षेप आले, वाद झाला. व्हायलाच हवा. पण वाद घालायला आधी एन्झाइम जिवंत लागतं, साहेब.

उद्घाटनाच्या भाषणात आपण म्हणालात, "आपल्या हळदीतच सगळं आहे." माझ्या विद्यार्थिनीने त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं होतं. आमच्या चाचणीत एन्झाइमने डीएनए कापला की चमक वाढते; रेणूने एन्झाइम अडवलं तर ती वाढत नाही. हळदीतलं कर्क्युमिन मात्र स्वतःच प्रकाश शोषतं आणि चमकतं, म्हणून मोजणीच फसते. शिवाय असे रेणू पाण्यात गोळे करून एन्झाइमला चिकटवून घेतात. मशीनला वाटतं, सापडलं औषध! थेंबभर डिटर्जंट घातलं की निम्मे पराक्रम गायब. अशा खोट्या पराक्रमींना गाळत तिने चार वर्षांत सुमारे अकराशे रेणू तपासले. तीन उरले होते. ती यावल तालुक्यातल्या केळीवाल्याची मुलगी, फेलोशिप नऊ महिने थकलेली. बुधवारी ती रडली नाही. "सर, मी बीएडचा फॉर्म भरू का?" एवढंच विचारलं. मी काय सांगू? तुम्हीच सांगा.

यात आमच्या विभागात नऊपैकी पाच जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचा मुलगा संध्याकाळी मोबाइलच्या दुकानात बसतो. देशाने 2020-21 मध्ये संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च केला, दक्षिण कोरियाने पाचच्या आसपास. 2024 च्या जुलैत दिल्लीने प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं आयात शुल्क 10 वरून 150 टक्के केलं होतं आणि बोंब झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. ते तुमचं खातं नाही, माहीत आहे मला. कुठलीच गोष्ट कुणाच्याच खात्यात नसते, हेच तर गेली एकोणीस वर्षं शिकतोय. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलीत मात्र याच प्रयोगशाळेचा रंगीत फोटो आहे, फ्रीजसकट, आणि दारावर तुमच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी. ग्रॅनाइटला वीज लागत नाही.

मोठं काही मागत नाही. जनरेटर जोडून द्या आणि त्या मुलीची थकलेली फेलोशिप मोकळी करा. फीडरचं राहू दे.

उत्तर जरा लवकर द्यावं. उरलेल्या सात नळ्या अजून कुल्फीवाल्याकडेच आहेत. पुन्हा कॉलेजच्या फ्रीजवर विसंबायची माझी हिंमत नाही, आणि आखाजीला त्याला जागा लागते. "सर, तोपर्यंत ठेवा," म्हणालाय.

आपला,
टाळ्या वाजवणाऱ्यांतला एक प्राध्यापक