सिसी, 'जमीन कुठे?' ते आता कळलं

प्रिय सिसी,

अनेक उत्तम आशीर्वाद.

खडकावरची चित्रं बघून परत निघताना तू अभिप्रायाची वही पुढे केलीस, रकान्यावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, ''गोगो, तुमच्याच अक्षरांत लिहा. मला ती दिसतात कशी ते बघायचंय.'' रकाना बोटभर. मागे चार माणसं उभी, जावई हातात गाडीची किल्ली खेळवतोय. मी घाईत 'धन्यवाद' लिहिलं, वर शिरोरेघ ओढली. तू त्या रेघेवरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, ''ही सगळी दोरीवर वाळत घातलीत का?'' मी हसले. गाडीत बसल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या रकान्यात जे मावलं नाही ते आता लिहितेय. मुलगी याचं इंग्रजी करून तुला पाठवणार आहे. पण माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तर-मास्तरणींनीही हे वाचावं, म्हणून पत्र उघडंच ठेवलंय. त्यांच्यासाठी एवढंच, की तू मला डोंगरातली चित्रं दाखवणारी वाटाडी, आणि गोगो म्हणजे तुमच्याकडे आजी.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हेच आयुष्य. वर्गात माझी एक ठरलेली शिक्षा होती. मुलाने माणूस काढला आणि त्याच्या पायाखाली रेघ नसली, की मी लाल पेनाने लिहायची, 'जमीन कुठे?' पुढे पुढे मुलंच एकमेकांना चिडवायची, 'बाई येतायत, जमीन दाखव.'

मुलीच्या बाळंतपणासाठी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाला आले. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर एका दुपारी जावयाने मला आर्केडियातल्या कलासंग्रहालयात नेलं, आणि तिथे वॉल्टर बॅटिस या इथल्या चित्रकाराचं एक चित्र समोर आलं. पिवळ्या-तांबड्या रंगाचे जाड थर, त्यात काडीसारखी लांबुडकी माणसं, पक्षी, जनावरं आणि कुठल्या लिपीतली कळत नाहीत अशी चिन्हं. सगळं चौफेर विखुरलेलं. मी जावयाला म्हटलं, ''याला मी क दिला असता. जमीन कुठे आहे?''

घरी येऊन वाचलं तर हा गृहस्थ माझ्याच धंद्यातला निघाला! 1906 साली सॉमरसेट ईस्ट या गावात जन्म. 1917 मध्ये घर कोफीफोन्टाइनला गेलं, आणि खडकावरच्या चित्रांची ओढ लागली ती त्या पोरवयात. आधी कोर्टात कारकुनी केली. मग प्रिटोरियातल्या मुलांच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, तेही जवळजवळ तीस वर्षं. स्वतःची पदवी मिळाली पस्तिसाव्या वर्षी. सुट्टी लागली की डोंगरात जायचं आणि सान लोकांची, म्हणजे इथल्या मूळच्या शिकारी लोकांची, खडकावरची चित्रं कागदावर उतरवून आणायची. 1939 साली त्यावरचं पुस्तकही पदरमोड करून छापलं. त्या काळी इथल्या बऱ्याच गोऱ्या लोकांना ती चित्रं म्हणजे रानटी माणसांची गंमत वाटायची. हा म्हणत होता, ही कला आहे, मोठी कला आहे. एवढं वाचल्यावर मला वाटलं, क देण्याआधी आपण मूळ तरी बघावं. म्हणून सहा तास गाडीत बसून ड्रॅकन्सबर्गच्या डोंगरात आले, कामबर्गला, तुझ्याकडे.

सिसी, मी अर्ध्या वाटेवरून परत फिरणार होते, हे तुला माहीत आहे. ओढा ओलांडला आणि उजव्या गुडघ्याने जवाब दिला. बाकीचे लोक पुढे गेले होते. जावई म्हणाला, ''आई, फोटो काढून आणतो, तुम्ही इथेच बसा.'' तू त्याच्याकडे लक्षही दिलं नाहीस. स्वतःची काठी माझ्या हातात दिलीस आणि माझ्या पुढे, माझ्या चालीने चालू लागलीस. मला धीर द्यायला एक शब्द बोलली नाहीस, याबद्दल वेगळे आभार. वय बघून सगळे धीर देतात, त्याचा वैताग येतो. तू मला रस्ताभर गवताची नावं सांगत होतीस, आणि मी दम लागल्यामुळे नुसती हं हं करत होते.

वर गेम पास शेल्टर या खडकाच्या आडोशाला पोचल्यावर मी चष्मा पुसून लगेच भिंतीला नाक लावायला निघाले. तू खांद्याला धरून मला खाली बसवलंस. ''आधी बसा. डोळ्यांना सावलीची सवय होऊ दे.'' पाच मिनिटं मला नुसता खडक दिसत होता, पिवळट, मध्येच गंजासारखे डाग. मग एका डागाला मान फुटली. मग पाय. आणि मग एकदम, अंधारात मांजर दिसावं तसा, अख्खा एलँड, ते इथलं भलंमोठं हरीण, समोर उभा. गळ्याखाली बैलासारखी लोंबती कातडी, अंग गेरूच्या रंगाचं, पाय आणि मान पांढरी. आणि तांबडा रंग पांढऱ्यात विरत गेलाय तो असा की कुठे संपला ते सांगता येऊ नये. सिसी, ही रंगछटा कागदावर, तयार रंगांनी, मऊ ब्रशने काढायला मी मुलांना दोन-दोन वर्षं शिकवलीय. त्या माणसाने ती खरबरीत वाळूच्या दगडावर काढली होती.

आणि माझ्या तोंडून सवयीने निघालंच, ''याच्या पायाखाली जमीन का नाही?''

तू म्हणालीस, ''गोगो, दगडच जमीन आहे.''

मग तू मला त्या खडकाची भेग दाखवलीस. सान लोकांसाठी खडक म्हणजे भिंत नव्हे, पडदा. पलीकडे दुसरं जग. चित्रातली जनावरं त्या पडद्यावर चिकटवलेली नाहीत, त्यातून बाहेर येतायत किंवा आत जातायत. म्हणून कुणी भेगेतून अर्धाच निघालाय, कुणाचे पाय दगडाच्या कडेत शिरलेत. रेघ ओढून त्यांना उभं करायचं तरी कुठे!

तो एलँड मरतोय, हेही तूच सांगितलंस. मान खाली घातलेली, तोंड आपल्याकडे वळलेलं, मानेवरचे केस उभे, मागचे पाय एकमेकांत अडकलेले. त्याची शेपटी धरून एक माणूस उभा आहे. मी म्हटलं, शिकारी. तू म्हणालीस, ''पाय बघा.'' त्याचेही पाय तसेच एकमेकांवर, आणि पावलांच्या जागी खूर. दोघंही एकाच वेळी मरतायत. रात्री आगीभोवती बायका टाळ्या वाजवत गातात, पुरुष नाचतात, नाचता नाचता एखाद्याच्या अंगात शक्ती उकळू लागते, तो थरथरतो, घाम फुटतो, नाकातून रक्त येतं, कोसळतो. त्या कोसळण्यालाच ते मरण म्हणत. त्या अवस्थेत तो आजारी माणसावर हात ठेवून आजार ओढून काढतो. एलँडमध्ये ती शक्ती सगळ्यांत जास्त.

तू हे जपून सांगत होतीस, मला चमत्कारिक वाटेल म्हणून बहुतेक. मी म्हटलं, ''आमच्याकडे अंगात येतं.'' शिमग्याला पालखी नाचवताना आमच्या गावात वारं येतं माणसाला. ढोल चढतो, डोळे फिरतात, दोघा-तिघांनी धरून ठेवावं लागतं, आणि त्याच माणसापुढे बाया आजारी पोर घेऊन उभ्या राहतात. जावयाने ते इंग्रजीत सांगितल्यावर तू केवढ्याने हसलीस! म्हणालीस, ''मग तुम्हाला मी काय सांगतेय!''

पण मी हसू शकले नाही, कारण मला त्याच क्षणी खालच्या वाडीतला एक मुलगा आठवला. स्मरणचित्राचा विषय होता शिमगा. त्याने मधोमध पालखी काढली होती आणि भोवती माणसं, सगळ्यांचे पाय कागदाच्या कडांकडे, कुणी आडवं, कुणी उलटं. एकाचे पाय एकमेकांत अडकलेले आणि तोंडातून रेघा निघालेल्या. त्याच्या आज्याच्या अंगात यायचं. आणि मी खाली लाल पेनाने लिहिलं होतं, 'जमीन कुठे?' तो मुलगा आता मुंबईत रिक्षा चालवतो असं ऐकते. ग्रेड परीक्षेला तो बसलाच नाही.

परतल्यावर वाचताना एक माणूस भेटला, तो तुला सांगायलाच हवा. 1873 साली ओर्पन नावाचा एक गोरा मॅजिस्ट्रेट मालुती डोंगरात फिरत होता. त्याच्याबरोबर वाटाड्या होता क्विंग, सान जमातीतला. गुहेत हरणाच्या डोक्याची माणसं बघून साहेबाने विचारलं, ही कोण? क्विंग म्हणाला, ही मेलेली माणसं, ती आता नदीत राहतात, एलँड बिघडले त्याच वेळी हीही बिघडली, त्या नाचांमुळे. हे सगळं 1874 मध्ये छापून आलं, पण त्याचा अर्थ लागायला शंभर वर्षं गेली. 1870च्याच दशकात केपटाउनला विल्हेल्म ब्लीक आणि ल्युसी लॉइड यांनी सान माणसांना, त्यांतल्या काहींना तर तुरुंगातून घरी आणून, त्यांच्या तोंडच्या कथा उतरवून घेतल्या, बारा हजारांवर पानं. पुढे डेव्हिड लुईस-विल्यम्ससारख्या अभ्यासकांनी ती पानं आणि हे खडक शेजारी ठेवले, तेव्हा अडकलेल्या पायांचा उलगडा झाला. वाटाड्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की!

बॅटिसला हा उलगडा बहुतेक ठाऊक नसावा. त्याची बरीचशी चित्रं हा उलगडा होण्याआधीची. त्याने घेतली ती रेषा, ते विखुरणं, ती बाजूने दिसणारी सपाट माणसं. मी खाली उतरताना तुला विचारलं होतं, एका गोऱ्या मास्तराने तुमच्या डोंगरातलं उचलून स्वतःच्या नावावर लावलं, राग नाही येत? याच डोंगरांतून एकोणिसाव्या शतकात सान लोकांना मारून, हुसकून संपवलं होतं, म्हणून विचारलं. तू ओढ्यातल्या दगडावर पाय ठेवत म्हणालीस, ''तो निदान चढून तरी आला.'' मग थोडं थांबून म्हणालीस, बोत्स्वानात डकारला जा, तिथे सान माणसं आता स्वतःच रंगवतात. ते कुरू कलाप्रकल्पाचं काम मी नंतर फोनवर पाहिलं. त्यातल्या बायांचे रंग बघून बॅटिसही जरा फिका वाटला, खोटं कशाला बोलू.

तरी गेल्या आठवड्यात मी परत त्या संग्रहालयात गेले, एकटी, हट्टाने. त्याच चित्रासमोर बाकावर बसले, तू बसवलं होतंस तशी. घाई केली नाही. आणि मग दिसलं की ती चिन्हं रंगाने काढलेलीच नाहीत. वरचा जाड रंग ओला असताना चाकूच्या टोकाने खरवडलाय आणि खालचा थर वर आलाय. पिवळ्यातून काळी माणसं बाहेर येतायत. मास्तराला अर्थ बहुतेक कुणी सांगितला नसावा, पण त्याच्या हाताला पडदा कळला होता. त्याने इथल्या एन्डेबेले जमातीतल्या बायकांच्या मणीकामातले आकार घेतले, अरबी अक्षरांची वळणं घेतली, सगळी एका पृष्ठावर मोकळी सोडली. एकही चिन्ह कशावर उभं नाही.

म्हातारपणी तर त्याने कल्पनेतलं एक बेटच काढलं, फूक नावाचं. नकाशा, टपालाची तिकिटं, नोटा, पासपोर्ट, वेगळी वर्णमाला, सगळं तयार केलं, फक्त बेट तेवढं नाही. मला आधी पोरकटपणा वाटला. मग जावयाने सांगितलं की तेव्हा, सत्तरच्या दशकात, इथल्या काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला खिशात पासबुक, म्हणजे सरकारी परवान्याची वही, ठेवावं लागे. अशा वेळी नसलेल्या देशाचे पासपोर्ट छापणाऱ्या मास्तराला मी काय बोलणार? मला हसूही आलं आणि गप्पही बसावंसं वाटलं. 1982 मध्ये तो गेला, पासचे कायदे गेले 1986 मध्ये.

परवा भाजी घेताना सुटे पैसे मोजत होते तर नाण्यावर इथली राजमुद्रा दिसली. मधल्या ढालीवर दोन माणसं समोरासमोर उभी. ती लिंटनच्या खडकावरची, सान चित्रकाराने काढलेली, हे आता माहीत झालंय. 2000 साली ती राजमुद्रेत आली. खालचं ब्रीद आहे ते जिभेच्या चटकाऱ्यांच्या एका भाषेतलं, आणि ती भाषा बोलणारं आज कुणी उरलेलं नाही. भाजीवाल्या बाईला मी नाणं दाखवून खुणेने सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं मी भाव पाडतेय.

सिसी, तू विचारलं होतंस की तुमच्याकडे असं काही आहे का, आणि मी मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रगुहांचं नाव घेतलं. आमच्या पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी 1957 साली त्या शोधल्या, वगैरे सांगितलं. खरं सांगायचं ते लाजेने राहून गेलं. माझ्या शाळेच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जांभ्या दगडात, हत्ती, मासे आणि माणसं कोरलेली आहेत. कातळशिल्पं म्हणतात त्यांना. आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गुराखी पोरांना ती कायम ठाऊक होती. त्यांतली कितीतरी माझ्या वर्गात बसायची. मी त्यांना त्या सड्यावरून वर्षातून एकदा सहलीला न्यायची, रांगेत, आणि पलीकडच्या देवळाचं स्केच काढायला लावायची. खडकात कोरलेल्या हत्तीलाही पायाखाली रेघ नाही. जूनमध्ये गेले की आधी तिथे जाणार. पावसाआधी. पाच मिनिटं नुसती बसणार.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, आमची अक्षरं दोरीवरच वाळत घातलेली असतात. इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर उभी राहतात, आमची वरून लोंबतात. खाली जमीन नसते. सत्तरी उलटेपर्यंत रोज लिहीत आले आणि लक्षात आलं नाही, ते तू एका बोटाने दाखवलंस.

तुझी काठी चुकून गाडीत आली. मुलीच्या घरी दाराआड उभी आहे, टोकाला अजून कामबर्गची माती आहे, ती मी पुसू दिलेली नाही. पुढच्या महिन्यात जावयाचे एक मित्र तिकडे जाणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. सोबत आंब्याचं लोणचं आहे, बरणीचं झाकण घट्ट लावलंय, तेल सांडणार नाही. काठी मिळाली की मुलीच्या फोनवर कळव.

तुझी,
गोगो