आमची बंदी आम्ही पाळतो, तुमची कुठे आहे? पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमचा वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट सांगते. गेल्या मंगळवारी माझ्या सुक्या जवळ्याची तीन पोती व्यापाऱ्याने परत पाठवली. मूठभर जवळा तळहातावर पसरून त्याने मला दाखवला. त्यात निळे दोरे होते, पांढरे पापुद्रे होते आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे होते. "मावशी, हे निवडून आणा, मग बघू," म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. मी दोन दिवस निवडत बसले, नखं दुखून आली, तिसऱ्या दिवशी हात टेकले. जवळा एवढाएवढासा, प्लास्टिकही तेवढंच. सुपात पाखडलं तर दोन्ही बरोबर उडतं, चाळलं तर दोन्ही बरोबर गळतं.

आमच्या घरी डोलीचा धंदा आहे. डोल म्हणजे समुद्रात खुंटाला बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. ते ओढायचं नसतं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि पाण्याबरोबर जे येईल ते खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या बंद टोकात, साठतं. त्यामुळे पाण्यात काय चाललंय ते डोलकराला लगेच कळतं, त्याला यंत्र लागत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा खोल्यात बोंबील, करंदी, जवळा यायचा, फार तर एखादं वाहून आलेलं लाकूड. आता प्रत्येक उधाणाला पिशव्या, बाटल्या, चपला, गुटख्याच्या पुड्या. माझा नवरा म्हणतो, जाळं जड लागलं की पूर्वी जीव हरखायचा, आता धसका बसतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धक्क्यावर एक साहेब आले होते. कोणत्या खात्याचे ते इथे लिहीत नाही, नाव घेऊन कुणाला खाली पाहायला लावायचं नाही मला. त्यांनी सगळ्या नाखवांना बोलावून सांगितलं, "जाळ्यात आलेलं प्लास्टिक पुन्हा दर्यात टाकू नका, किनाऱ्यावर आणा, आम्ही उचलू." दोन मोठी पिंपं ठेवली. फोटो निघाले. आणि आमच्या पोरांनी ऐकलं हो! थकून आलेले खलाशी मासळीबरोबर कचऱ्याच्या टोपल्या उतरवायला लागले. पहिल्या महिन्यात टेम्पो दोनदा आला, मग आलाच नाही. पिंपं भरली, शेजारी ढीग झाला, ढिगाला आठ महिने ऊन लागलं. उन्हात प्लास्टिक कुजत नाही, कडक होतं. मग हात लावला तरी भुगा होतो. पावसाळ्यातल्या एका उधाणाला पाणी धक्क्यावर चढलं आणि सगळा ढीग घेऊन गेलं. म्हणजे दर्यातून आम्ही अख्ख्या पिशव्या काढल्या, तुमच्या माणसांच्या शब्दावर त्या वाळवल्या आणि चुरा करून दर्याला परत दिल्या. माझ्या पोत्यातले पापुद्रे त्याच ढिगाचे नसतील असं मला कोण सांगेल?

5 मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात, हे मला मुलीने वाचून दाखवलं. इंग्लंडमधल्या रिचर्ड थॉम्पसन या शास्त्रज्ञाने 2004 साली त्यावर लेख लिहिला आणि हा शब्द जगभर पोचला. तेव्हापासून कपडे धुतलेल्या पाण्यातले धागे, टायरची झीज, कारखान्यातले कच्चे दाणे, सगळ्यांचा हिशेब मांडून झाला आहे. आपल्याकडे मात्र किनारा स्वच्छ करायचा म्हणजे हातमोजे घालून बाटल्या गोळा करायच्या. 2022 साली 75 दिवसांत 75 किनारे साफ करायची मोहीम झाली. मनापासून राबणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या पाया पडावं. वर्सोव्याला 2015 पासून लोकांनी जो किनारा उपसला, त्यावर 2018 साली कासवाची पिल्लं दिसली. पण वाळूत मिसळलेला भुगा हाताने कसा वेचणार? तो वेचायचा नसतो, येऊच द्यायचा नसतो.

आणि येऊ न देण्याचा कायदा तुमच्याच राज्याने केला होता. 23 मार्च 2018 ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना. पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये दंड, मग 10,000, मग 25,000 आणि तीन महिने कैद. त्यात लिहिलं होतं की दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे 50 पैसे परत मिळतील, बाटलीवरही परतीची रक्कम छापली जाईल. मला आनंद झाला होता, साहेब. 50 पैशांसाठी कुणीतरी ती पिशवी जपून ठेवेल, नाल्यात टाकणार नाही, असं वाटलं होतं. मला आजवर एकही माणूस भेटला नाही ज्याच्या हातात ते 50 पैसे पडले. पिशव्या मात्र नाल्यातून खाडीत आणि खाडीतून आमच्या खोल्यात येतात, आणि कात्रीने उडवलेला तो तिकोनी कोपरा जवळ्यात येतो. दंड झाला तो भाजीवालीला. ज्या कारखान्यातून पिशवी निघाली, तिथवर कोण गेलं?

बंदी कशी पाळतात ते आमच्याकडून शिका. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस होड्या वर ओढून आम्ही घरी बसतो. चूल विझायची वेळ येते तरी बसतो, कारण मासळीला वीण घालू दिली पाहिजे हे आम्हाला पटतं. पापलेटला तुम्ही 2023 साली राज्यमासा केलंत, आम्ही टाळ्या वाजवल्या. मग 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवलीत: पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर. तेही बरोबर आहे, लहान मासा मारू नये. पण माझ्या बोंबलाला पट्टी लावायला माणूस मिळतो, तर त्याच टोपलीतल्या प्लास्टिकला लावायला का मिळत नाही?

आमचंही जाळं नायलॉनचं आहे, हे मी लपवणार नाही. सासऱ्यांच्या काळात सुताचं होतं, ते कुजायचं. नायलॉन टिकतं म्हणून आम्ही घेतलं, आणि निळ्या दोऱ्यांतले काही आमचेच असणार. मला त्याची लाज वाटते. फाटलेलं जाळं आम्हाला जमा करायचं आहे, पण ते घेणारं कुणी दाखवा. केरळात नीनदकराच्या बंदरावर 2017 पासून मच्छीमारांनी आणलेलं प्लास्टिक कापून रस्त्याच्या डांबरात वापरलं. तिथलेही आमच्यासारखेच दर्यावर्दी. तिथे जमतं, मग इथे टेम्पो का येत नाही? वाढवणच्या बंदरासाठी 76 हजार कोटी रुपये मंजूर होतात. आमची माणसं विरोध करून घसा बसवतात, तरी होतात. पिंप रिकामं करायला मात्र निधी नसतो.

आता जे सांगते ते लिहिताना हात थरथरतो. मोठी मासळी आपण पोट साफ करून खातो. जवळ्याचं पोट कोण साफ करणार? तो अख्खा खातात, त्याने गिळलेलं सगळं आपण गिळतो. नेदरलँड्समध्ये 2022 साली 22 माणसांचं रक्त तपासलं, 17 जणांच्या रक्तात प्लास्टिक निघालं. त्याच्या आधी इटलीत बाळंतिणींच्या वारेत सापडलं होतं. माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. तिला जवळ्याची चटणी आवडते. परवा तिने मागितली तर मी भाकरीबरोबर दुसरंच काही वाढलं आणि कारण सांगितलं नाही. चाळीस वर्षं मी लोकांना जवळा विकला, आणि माझ्याच घरच्या पोरीच्या ताटात तो वाढताना माझा हात आखडला. याची भरपाई कोणत्या योजनेत बसते?

लोकांना घाबरवून आमचा धंदा बुडवायला मी हे लिहीत नाही. म्हणूनच मागते: आमच्या किनाऱ्यावरची मासळी, पाणी आणि वाळू तपासा आणि जे निघेल ते मराठीत छापून धक्क्यावर लावा. वाईट निघालं तरी लावा. आज व्यापारी एका मुठीवर ठरवतो आणि बाई मुकाट पोती उचलून घरी आणते.

जगाचं तरी काय वेगळं चाललंय? 2022 साली नैरोबीत सगळ्या देशांनी ठरवलं, 2024 संपायच्या आत प्लास्टिकवर करार करू. दक्षिण कोरियात बुसानच्या बैठकीत तो झाला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हालाही झाला नाही. भांडण एवढंच की प्लास्टिक बनवण्यावरच मर्यादा घालायची की नुसता कचरा आवरायचा. वर्षाला 40 कोटी टनांहून जास्त बनतं, त्यातलं पुन्हा वापरात येतं ते 10 टक्केही नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसायला आम्हाला सांगता, आणि पुसणाऱ्यालाच दोष देता. मे 2025 मध्ये कोचीजवळ 640 कंटेनरांसकट जहाज बुडालं आणि प्लास्टिकचे दाणे केरळच्या वाळूत येऊन पडले. उद्या असं जहाज आपल्या समोर बुडालं तर आधी कुणाच्या जाळ्यात दाणे येतील हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आता भांग आहे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, म्हणून डोली पाण्याबाहेर आहेत. चार दिवसांनी पाणी वाढायला लागेल, आमची माणसं जाळी लावतील आणि प्लास्टिक येईलच. आमच्या पोरांनी मला विचारलंय, या वेळी किनाऱ्यावर आणायचं की तिथेच सोडायचं. मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. चार दिवसांत तेवढी दोन पिंपं रिकामी करून द्या.

आपली,
डोलीवर पोट असलेल्या घरातली एक कोळीण