विषय: लाइट कर्टनच्या सेफ्टी कनेक्शनचा टाइमआउट "500 करून टाका" हा तुमच्या सपोर्टचा सल्ला

सेफ्टी प्रॉडक्ट्सच्या मॅनेजरसाठी,

आत्ताच तुमच्या टेक्निकल सपोर्टचा फोन ठेवलाय. तिकीट तुमच्याकडे आहे आणि त्यावर "इश्यू रिझॉल्व्ह्ड" लिहून तुम्ही ते बंदही केलंय. काहीही रिझॉल्व्ह झालेलं नाही.

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये कंट्रोलर तुमचा, रिमोट आयओ ब्लॉक (मशीनजवळचे सिग्नल कंट्रोलरपर्यंत नेणारे) तुमचे, सीआयपी सेफ्टी या सेफ्टी सिग्नलच्या नेटवर्क प्रोटोकॉलवर सगळं नीट चाललेलं. एक ब्लॉक जळाला म्हणून तुमच्याच डीलरकडून नवीन घेतला, तो नव्या फर्मवेअरचा आला, आणि तेव्हापासून त्याचं सेफ्टी कनेक्शन मधूनच तुटतं, लाइट कर्टनची (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) इनपुट शून्य होते आणि प्रेस थांबते. कनेक्शन गेल्यावर प्रेस थांबायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. कनेक्शन तुटतं का, एवढंच विचारतोय.

आरपीआय, म्हणजे दर किती वेळाने डेटा जातो, तो 10 मिलीसेकंद, टाइमआउट मल्टिप्लायर 2, नेटवर्क डिले मल्टिप्लायर 200 टक्के, म्हणजे कनेक्शन तुटायचं लिमिट 10 गुणिले (2 + 2), 40 मिलीसेकंद. जुन्या ब्लॉकलाही हेच आकडे होते. सॉफ्टवेअरमध्ये कमाल नेटवर्क डिले दिसतो, तो बाकी सगळ्या ब्लॉकचा 40 च्या बराच खाली आहे, फक्त या एकाचा मधूनच वर उडी मारतो. केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, पोर्टवर एरर नाहीत, शेजारच्या प्रेसचा जुना ब्लॉक त्याच केबलवर लावला तर तो अख्खी शिफ्ट हलला नाही. हे सगळं स्क्रीनशॉट आणि लॉगसकट पाठवलंय. ते कोणी उघडून बघितलं असेल असं वाटत नाही, कारण दर वेळी फोनवर नवीन माणूस आणि पहिला प्रश्न तोच, केबल चेक केली का.

आता आजचा फोन. तुमचे इंजिनिअर म्हणाले, "सर, ते लिमिट 500 करून टाका, ट्रिप बंद होईल." मी म्हटलं, अहो ती लाइट कर्टनची इनपुट आहे. "हो सर, मग?" मी म्हटलं कंट्रोलर लॉक आहे, त्यावर सेफ्टी सिग्नेचर, म्हणजे तपासून पक्क्या केलेल्या सेफ्टी प्रोग्रामची खूण, आहे. "सिग्नेचर डिलीट करा, व्हॅल्यू बदला, परत जनरेट करा, दोन मिनिटांचं काम आहे." मग स्टॉपिंग टाइमचा हिशोब आणि व्हॅलिडेशन परत कोण करणार? "ते तुमच्या साइटचं झालं सर, आम्ही त्यात पडत नाही. बाकी कस्टमर असंच करतात." मी म्हटलं ठीक आहे, हेच मला कंपनीच्या मेलवरून लिहून द्या, मी फाइलला लावतो. तर होल्डवर टाकलं, बराच वेळ म्युझिक ऐकवलं, आणि परत येऊन म्हणतात, "सर, मेलवर आम्ही असं रेकमेंड करू शकत नाही."

फोनवर सांगता येतं आणि मेलवर लिहिता येत नाही, असा सल्ला तुम्ही माणसाचा हात आत जाणाऱ्या मशीनसाठी देता?

तुम्हाला हे माहीत असायलाच हवं, तरी लिहितो. सेफ्टी अंतराच्या आयएसओ 13855 स्टँडर्डप्रमाणे हाताचा वेग सेकंदाला 2,000 मिलीमीटर धरतात, म्हणजे एका मिलीसेकंदात 2 मिलीमीटर. कर्टनपासून प्रेस पूर्ण थांबेपर्यंत आमचा एकूण वेळ 220 मिलीसेकंद आहे. कर्टन 14 मिमी रिझोल्युशनचा (बोटही पकडतो), म्हणून वर जादा अंतर धरावं लागत नाही, लागणारं अंतर 440 मिमी, तो आम्ही 450 वर बसवलाय. तुमचे 40 चे 500 केले की एकूण वेळ 460 ने वाढून 680 होतो, आणि अंतर 500 मिमीच्या पलीकडे गेल्यावर चालतो तो 1,600 चा कमी वेग धरला तरी अंतर 1,088 मिमी येतं. कर्टन तिथे नेला तर ऑपरेटरचा हात डायपर्यंत (साच्यापर्यंत) पोहोचत नाही, तो ब्लँक (पत्र्याचा तुकडा) ठेवणार कसा? आणि कर्टन आणि डायच्या मध्ये अख्खा माणूस उभा राहू शकतो, त्याला कोण बघणार? कर्टन न हलवता नुसता आकडा बदलला तर काय होईल ते मला लिहावंसंही वाटत नाही. आमच्या भागात प्रेसवर बोटं गमावलेली माणसं मी बघितली आहेत, त्यातली काही अजून आमच्याकडेच कामाला आहेत.

आणि तुमचा माणूस म्हणतो बाकी कस्टमर असंच करतात. हे खरं असेल तर तुमचा सल्ला ऐकून किती प्रेस आत्ता चुकीच्या अंतरावर चालू आहेत, हे तुम्ही आजच शोधायला हवं. खरं नसेल तर ते बोलणाऱ्याला सेफ्टीच्या फोनवर बसवू नका.

मला जुन्या फर्मवेअरचा ब्लॉक बदलून द्या, किंवा नव्या फर्मवेअरमध्ये हा डिले का येतो ते तुमच्या सेफ्टी डिझाइनच्या माणसाकडून लेखी द्या. 500 चा सल्ला चुकीचा होता हेही लेखी हवं. तोपर्यंत ती प्रेस बंद ठेवलीय आणि त्याचं नुकसान आम्ही सोसतोय.

दुसऱ्या लाइनसाठी तुमचंच कोटेशन पक्कं होत आलं होतं, ते मी थांबवलंय. या आठवड्यात उत्तर आलं नाही तर हे पत्र कॉल रेकॉर्डिंगसकट तुमच्या हेड ऑफिसला, आमच्या सेफ्टी ऑडिटरला आणि वकिलाला जाईल. इतकी वर्षं तुमचा माल महाग असूनही घेतला तो सेफ्टीला तडजोड नको म्हणून, आणि तडजोड करा असं तुम्हीच सांगताय, याचा फार त्रास झाला.

तिकीट आधी परत उघडा. आणि फोन करू नका, जे काही असेल ते मेलवर लिहा.

मेंटेनन्स इंचार्ज, प्रेस शॉप, चाकण