पाच दिवसांत परत आलेली मांजर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अधूनमधून एक लहान चौकट येते. शेल्टरमधल्या कुत्र्या-मांजरांना घर हवं आहे, अमुक क्रमांकावर फोन करा. सोबत एक गोंडस फोटो. घरी आणल्यावर पुढे काय, याबद्दल मात्र त्यात अक्षर नसतं. त्या कोऱ्या जागेबद्दल हे पत्र आहे.

मार्चच्या शेवटी मी, यजमान आणि नात अशी तिघं एका शेल्टरला गेलो. नातीला पिल्लू हवं होतं आणि पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी गर्दीही होती. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात मात्र एक करड्या पट्ट्यांची, तीनेक वर्षांची मांजर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पिंजऱ्यावर चिठ्ठी होती, ‘परत आली’. तिथला मुलगा म्हणाला, “काही नाई जी झालं तिले. एका घरी देल्ली होती. पलंगाखालून निघतच नाई म्हणून पाचव्या दिवशी आणून टाकली. आता पाच दिवसांत नवी सून तरी मोकळी होते का, सांगा ना मॅडम!”

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. वडिलांची बदली झाली म्हणून अर्ध्या वर्षात वर्गात आलेलं पोर पहिल्या आठवड्यात बाकाच्या कडेला कसं बसतं, ते मला ठाऊक आहे. आम्ही तीच मांजर आणली.

एवढं ठाऊक असून पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. निघताना त्या मुलाने तरटाचा एक कळकट तुकडा हातात दिला होता. “हा तिच्यापाशीच राहू द्या, धुऊ नका,” असं बजावलंही होतं. घरी येताच मी तो साबणाच्या पाण्यात टाकला. इतका घाण होता, काय सांगू! मांजर गाल घासते तेव्हा ती लाड करत नसते. गालातल्या ग्रंथींचा वास ती त्या वस्तूला लावत असते, ‘हे माझं’ म्हणून. आमच्या अख्ख्या फ्लॅटमध्ये तिच्या ओळखीचं तेवढंच एक होतं आणि ते मी पिळून दोरीवर वाळत घातलं.

मग शेजारणी आल्या. सगळ्या खोल्यांची दारं सताड उघडी, पोरांचा गलका, आणि त्यात एकीचं, “मायबाई, ही कान कापलेली काहून आणली?” (कानाचं टोक छाटलेलं असणं ही नसबंदी झाल्याची खूण आहे, ऑपरेशनच्या वेळी भुलीतच छाटतात. हे मी आतापर्यंत निदान दहा जणांना समजावलं असेल.) मांजर जी सुटली ती फ्रिजमागे. यजमानांनी केरसुणीच्या दांड्याने तिला बाहेर काढायचा पराक्रम केला आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा घेतला. नंतर हात साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुतला आणि लगेच डॉक्टरांकडे गेलो, तेवढं मात्र शहाण्यासारखं केलं.

रात्री त्या मुलाला फोन लावला. तो न चिडता म्हणाला, “एकच खोली द्या तिले. बाकीचं घर तिले काय करायचं आहे आत्ताच? आम्ही तीन-तीन-तीन म्हणतो. तीन दिवस भेव, तीन आठवडे अंदाज घेणं, तीन महिन्यांनी घर आपलं.” हा काही शास्त्राचा नियम नाही, शेल्टरवाल्यांचा ठोकताळा आहे. कुणाला कमी दिवस लागतात, कुणाला पुष्कळ.

मागच्या खोलीत, जिथे आमचं गव्हाचं पिंप आणि जुना दिवाण आहे, तिथे तिचं बिऱ्हाड मांडलं. एका कोपऱ्यात घमेल्यात रेती, अगदी दुसऱ्या टोकाला खाण्या-पिण्याच्या वाट्या. जिथे विधी तिथे जेवण मांजरालाही चालत नाही. आणि मिक्सरचं रिकामं खोकं, एका बाजूने भोक पाडून. या खोक्याला हसू नका. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या १९ मांजरींवर एक प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना लपायला खोकी दिली, काहींना नाही. खोकी मिळालेल्या मांजरींचा ताण पहिल्या काही दिवसांतच लक्षात येण्याइतका लवकर उतरला. म्हणजे लपणं हा तिचा आजार नाही, इलाज आहे. पलंगाखालून निघत नाही म्हणून परत करणं म्हणजे पट्टी बांधली म्हणून पेशंटला हाकलणं.

दुसऱ्या दिवशीही तिने खाण्याला तोंड लावलं नाही. आपल्याकडे सगळे सांगतात, भूक लागली की येईल झक मारत. माझा भाचा पशुवैद्यक आहे, तो फोनवर ओरडलाच. कुत्र्याचं गणित मांजराला लावू नको, म्हणाला. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचू लागते, आणि लठ्ठ मांजरीला तर जिवावर बेतू शकतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही की डॉक्टरला विचारायचं. त्याच्या सांगण्यावरून शेल्टरमध्ये जे खाणं मिळत होतं तेच मागवलं आणि त्यावर उकडलेल्या कोंबडीचं कोमट पाणी घातलं. वास आला पाहिजे, मांजर आधी नाकाने जेवते. त्या पाण्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसूण तिच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. तेव्हा सावजीचा उरलेला रस्सा प्रेमाने वाढू नये. दुधाचंही तसंच. गोष्टींतली मांजर दूध पिते, पण बहुतेक मोठ्या मांजरींना ते पचत नाही, ढाळ लागते.

नागपूरचा म्हणून एक वेगळा प्रश्न आहे, तो कुठल्याच परदेशी माहितीत सापडणार नाही. कुलर. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात तो बंद ठेवा म्हणणं शक्य नाही, आणि कालपर्यंत शांत असलेली खिडकी अचानक घरघरायला लागली की नवी मांजर काय समजेल? आम्ही तिच्या खोलीला लागून असलेल्या हॉलमधला कुलर सुरुवातीला नुसत्या पंख्यावर, कमी वेगाने आणि दार लोटून चालवला, पंप नंतर सुरू केला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुलर आणि खिडकीच्या चौकटीमधली फट. आपण तिथे पुठ्ठा खोचून मोकळे होतो. मांजर तो पुठ्ठा पंजाने एका रात्रीत पाडते, आणि खाली तिला ना वास ओळखीचा, ना रस्ता. तिथे प्लायवूडचा तुकडा स्क्रूने बसवून घ्या. कुलरच्या टाकीत डासांसाठी रॉकेल किंवा औषध टाकत असाल तर तेही थांबवा, आठवड्याला टाकी रिकामी करून घासा. मांजर ते पाणी पिणारच.

ती बाहेर आली आठव्या रात्री. आम्ही पाहिलं नाही, कुरडयांनी सांगितलं. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, संध्याकाळी अवकाळीचं वारं सुटलं म्हणून साडीसकट उचलून मागच्या खोलीत आणून पसरल्या. सकाळी बघते तर चार कुरडया चपट्या आणि प्रत्येकीवर मधोमध एकेक पाऊल, चार बोटं आणि गादी, शिक्का मारल्यासारखं. पावलं खोक्यापासून दारापर्यंत गेली होती आणि तिथून माघारी फिरली होती. यजमान म्हणाले, “खोली मोजून गेली बाई.” त्या चार कुरडया आम्ही तळल्या नाहीत. नातीने एक डबीत ठेवली आहे.

पुढचं फार सांगत नाही. रोज संध्याकाळी मी त्या खोलीत जमिनीवर बसून पेपर वाचायचे, मोठ्याने, तिच्याकडे न बघता. चुकून नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटून हळूच उघडायचे. हे खूळ वाटेल, पण इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच तपासून दाखवलं. असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाकडेही मांजरी जास्त जाऊ लागल्या. आमच्याकडे अठराव्या दिवशी तिने उलट डोळे मिटले. मी अग्रलेखाच्या मधोमध होते, तो पुरा झाला नाही, क्षमस्व.

फिनेलचं मात्र सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे प्राणी आला की फरशी दुप्पट पुसतात. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणारं फिनेल मांजरीच्या पायाला लागतं, ती पाय चाटते, आणि तिच्या यकृताला ते निस्तरता येत नाही. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळीही तशीच. एकच गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, तेही मांजरीला विष. यातलं काहीही मला मांजर आणायच्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या शहरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ‘माफसू’चं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय इथेच आहे. तिथल्या जाणकारांकडून चार ओळी लिहून घेऊन आपण त्या चौकटीखाली छापाव्यात, एवढी विनंती आहे. जागेची अडचण असेल तर एवढंच पुरेल: ‘पहिले काही दिवस एकच खोली आणि एक खोकं द्या. लपली तर लपू द्या. चोवीस तास खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा.’ आणि जमलं तर फोटो पिल्लाऐवजी एखाद्या मोठ्या मांजरीचा टाका.

तरटाचा तुकडा पुन्हा कळकट झाला आहे. दिवाणावर असतो, पाहुणे आले तरी तिथेच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर
(कृपया नाव छापू नये.)