बाळाचं नाव नेहमीचंच ठेवतोय

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, तुमची यादी मिळाली. दोन रकाने आखून, एकात नाव आणि दुसऱ्यात अर्थ, तुमच्या त्या सरळ अक्षरात. आम्ही दोघांनी ती मोठ्यानं वाचली आणि पुन्हा वाचली. शुचिस्मिता या नावाखाली तुम्ही रेघ मारली आहे, ती दिसली. आणि आई, पानाच्या कोपऱ्यात तू बारीक अक्षरात लिहिलेलं 'मीरा?' हेही दिसलं.

आम्ही मीरा ठरवतोय. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण बाबा, फोनवर तुम्ही "बरं, तुमची मर्जी" म्हणाला असता आणि विषय तिथेच संपला असता. मला तुम्हाला नुसतं कळवायचं नाही, पटवायचं आहे. म्हणून पत्र.

नेहमीच्या नावाबद्दल तुमच्या मनात जी अढी आहे, ती कुठून आली हे मी लहानपणापासून पाहिलंय. सुरेश हे नाव आणि पुढे आपलं घरोघरी सापडणारं आडनाव. कचेरीत तुम्हाला 'हिशेबातले सुरेश' म्हणायचे, कारण 'आवकवाले सुरेश' आणि 'उंच सुरेश' वेगळे होते. कुणा भलत्याच सुरेशच्या थकलेल्या हप्त्याची नोटीस आपल्या पत्त्यावर यायची आणि तो मी नव्हेच हे सिद्ध करायला तुम्हाला कागद घेऊन फिरावं लागायचं. पूर्ण नाव सांगूनही आपण कोण हे समोरच्याला कळत नाही, याचा माणसाला किती शीण येतो हे मी तुमच्या चेहऱ्यावर बघितलंय. म्हणूनच तुम्ही माझं नाव शोधून शोधून ऋजुता ठेवलंत. ते तुम्ही प्रेमानं केलंत आणि त्या काळाचा विचार करता बरोबरच केलंत, असं मला आजही वाटतं.

पण बाबा, तो काळ आणि आजचा काळ यांतलं गणित उलटलंय. तुम्ही हिशेबातले, म्हणून आकडेच देते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा विभागाकडे १८८० सालापासूनच्या बाळांच्या नावांच्या याद्या आहेत, वर्षवार. १८८० साली तिथे दर १०० मुलग्यांमागे ८ जॉन होते आणि दर १०० मुलींमागे ७ मेरी. आता अलीकडच्या याद्या बघा : पहिल्या क्रमांकाचं नावसुद्धा १०० मध्ये एकाच्या आसपास. म्हणजे तेव्हा ४० मुलग्यांच्या वर्गात सरासरी तीन जॉन बसायचे. आज तेवढ्याच वर्गात देशातलं सगळ्यांत लोकप्रिय नाव असलेला एकही मुलगा नसण्याचीच शक्यता जास्त. इंग्लंडच्या नोंदींतही कल हाच आहे.

याचं कारणही सरळ आहे. पूर्वी नावं निवडायची जागाच आखलेली असायची. फ्रान्समध्ये तर १८०३ चा कायदाच होता, की नाव संतांच्या दिनदर्शिकेतलं किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसाचं असावं. तो पुढे सैल होत गेला, पण आईवडिलांना मोकळी निवड मिळाली ती १९९३ मध्ये. बाकी ठिकाणी कायदा नसला तरी आजोबांचं नाव नातवाला, देवाचं नाव मुलाला, असंच चालायचं. त्यामुळे थोड्या नावांत पुष्कळ माणसं बसवलेली होती. आता प्रत्येक आईबाप तुमच्यासारखी यादी करतात. माणसं असंख्य नावांत पांगली आहेत आणि त्या पांगण्यात नेहमीच्या नावांभोवतीची गर्दी ओसरली आहे. तुम्हाला ज्या गर्दीची धास्ती वाटते, ती मीराच्या वाट्याला तुमच्याइतकी येणारच नाही.

आणखी एक गोष्ट त्या याद्यांत दिसते, ती मला फार मोलाची वाटली. नावाची गर्दी पिढीपुरती असते. जेनिफर हे नाव अमेरिकेत १९७० पासून १९८४ पर्यंत सलग पहिल्या क्रमांकावर होतं, आज ते पहिल्या शंभरातही नाही. त्या वर्षांतल्या जेनिफर आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि नुसतं नाव ऐकून त्यांच्या वयाचा अंदाज येतो. तुमच्या सुरेशचंही तेच झालंय. तान्ह्या बाळाला सुरेश म्हणून हाक मारलेली तुम्ही शेवटची कधी ऐकली? म्हणून नाव किती जणांचं आहे यापेक्षा तिच्याच वयाच्या किती जणींचं आहे, हे बघायला हवं. आई, तू सुचवलेलं नाव मला याचसाठी आवडतं. मीरा तुझ्या वयाच्या बायकांतही भेटते, माझ्या वर्गातही एक होती आणि शाळेत जाणाऱ्या मुलींतही आहे. ते कुठल्याही एका पिढीत लाट येऊन आलेलं नाही. ती सहा वर्षांची असताना शोभेल आणि साठीतही शोभेल.

आता विरळ नावाबद्दल. मला ते नाव तीस-पस्तीस वर्षं वापरून माहीत आहे, तेव्हा मी जे सांगते ते ऐकाच.

ऋजुता असल्याचा फायदा मला झाला. मला आडनाव क्वचितच सांगावं लागलं. नव्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी नावाचा अर्थ विचारला, तुम्ही शिकवलेला अर्थ मी ताठ उभी राहून सांगितला, तेव्हा फार छान वाटलं होतं. पण जन्मभराचा अनुभव हा की, नाव वेगळं आहे एवढं लोकांच्या लक्षात राहतं, नाव लक्षात राहत नाही. मी ऋजुता म्हणते, समोरचा ऋतुजा ऐकतो. निमंत्रणपत्रिकेवर ऋतुजा, कार्यक्रमात माइकवरून ऋतुजा, आणि आता तर फोनच स्वतःहून दुरुस्ती करून ऋतुजा लिहितो. रोमन लिपीत ऋ कुणी आर-यू लिहितं, कुणी आर-आय. माझ्या एका प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग आहे, दुसऱ्यावर दुसरं, आणि ही दोन्ही माणसं एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र मला करावं लागलं. बाबा, बघा : तुम्ही नाव फार सामान्य म्हणून कागद घेऊन फिरलात, मी नाव विरळ म्हणून फिरले.

तुम्ही म्हणाल, सवय होते. होते, आणि त्यालाही आधार आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर येत राहिली तरी ती आवडायला लागते. महिनाभर हाक मारली की शुचिस्मिताही आमच्या ओठांत बसेल, यात मला शंका नाही. पण सवय घरच्यांना होते. तिच्या आयुष्यात रोज नवी माणसं येणार : शिक्षक, डॉक्टर, मुलाखत घेणारे, शेजारी, फोनवर नाव विचारणारे अनोळखी लोक. त्यांच्यासाठी ते नाव दर वेळी पहिल्यांदाच ऐकलेलं असेल, आणि दर वेळी ते नीट पोहोचवायचं काम तिच्या एकटीवर पडेल.

शुचिस्मिता रोमन लिपीत अकरा अक्षरांचं होतं, बाबा. मधलं 'स्मि' लहान मुलांच्या तोंडी यायला वेळ लागेल. वर्गातल्या मुली आठवड्याच्या आत त्याचं शुची करतील, नाहीतर स्मिता. तुम्ही इतक्या मायेनं निवडलेल्या नावाचा तुकडाच वापरात राहील, आणि तो कुठला हे दुसरंच कुणी ठरवेल. ते मला सहन होणार नाही. मीराचा तुकडा कुणी करू शकत नाही.

इथे एक फरक मला सांगितलाच पाहिजे, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल. २०१२ मध्ये तीन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उच्चारायला सोप्या नावाच्या माणसांबद्दल लोकांचं मत जास्त अनुकूल दिसलं. पण त्यांनी नावाची लांबी आणि नावाचा विरळपणा वेगळे काढून तपासले, तेव्हाही परिणाम उच्चाराच्या सोपेपणाचाच राहिला. म्हणजे विरळ असणं हा दोष नाही. अवघड असणं आड येतं. तेव्हा साहजिकच तुम्ही विचाराल, मग विरळ आणि सोपं असं नाव का नाही शोधत?

शोधलं. बरेच दिवस तेच केलं. अडचण अशी, की विरळ, सोपं, दोन-तीन अक्षरी आणि कानाला गोड, एवढ्या अटी घातल्या की सगळे आईबाप एकाच गल्लीत येऊन पोहोचतात. तन्वी, सान्वी, अन्वी, मान्वी, आर्वी. मुलग्यांत आरव, आरुष, अर्णव, आरिव. यांतलं प्रत्येक नाव सुटं घेतलं तर इतकं काही सामान्य नाही, पण मैदानात सान्वी म्हणून हाक मारली तर चौघी वळून बघतील. अमेरिकेतही हेच झालं : एडन, जेडन, ब्रेडन, हेडन, केडन. यादीत पाच वेगळी नावं, कानाला एकच. तुम्ही माझं नाव ठेवलंत तेव्हा वेगळं नाव शोधणारे थोडे होते, म्हणून माझं नाव खरंच वेगळं पडलं. आज सगळेच वेगळं शोधतात आणि वेगळेपणाचाच एक ठरीव सूर झालाय. त्यात मीरा उलट स्पष्ट ऐकू येते. मी मुद्दाम शेजारच्या खोलीतून, नळ चालू असताना हाक मारून पाहिली. हाक स्पष्ट पोहोचते, दुसऱ्या कशासारखी वाटत नाही.

तुमच्या नोटिशीचा प्रश्न मात्र मी हलका घेतलेला नाही. एकसारख्या पूर्ण नावाचा त्रास खरा असतो. म्हणून आम्ही नाव सुटं पाहिलंच नाही, आडनावासकट पाहिलं. सुरेश तुमच्यासाठी जड झालं, कारण पुढे तितकंच घरोघरचं आडनाव होतं. बाळाचं आडनाव इतकं विरळ आहे, की ते मला अजूनही लोकांना दोनदा सांगावं लागतं. त्याच्यापुढे विरळ नाव लावलं, तर पोरीला दोन्हीही समजावून सांगत बसावं लागेल. नाव नेहमीचं आणि आडनाव विरळ, ही जोडी मला सगळ्यांत सोयीची वाटते. आडनाव आपलं, म्हणजे माझ्या माहेरचं असतं, तर मीच तुमच्या यादीतलं नाव उचललं असतं. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरोखरच उचललं असतं.

आणि एक आजच्या काळाची गोष्ट. माझं नाव आणि माहेरचं आडनाव इंटरनेटवर टाकलं की पहिल्याच पानावर मी सापडते, कॉलेजातल्या स्पर्धेच्या निकालापासून. माझं त्यात काही बिघडलं नाही. पण ही मुलगी मोठी होईल तेव्हा तिचं पंधराव्या वर्षी केलेलं प्रत्येक बोलणं कुठेतरी साठवलेलं असेल. तिला थोडी आडोशाची जागा असावी असं मला वाटतं. विरळ आडनावामुळे ती फार मिळणार नाही, हे कळतं. पण निदान नुसत्या पहिल्या नावावरून तिला कुणी शोधून काढू नये.

घाई का, असं आई विचारेल. आम्ही सध्या तिला सोनू, चिमणी, बाळ, काहीही म्हणतो. १९९५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, की साडेचार महिन्यांची बाळं इतर नावांपेक्षा स्वतःचं नाव जास्त वेळ ऐकत राहतात, त्या नावाचा नाद ओळखतात. म्हणजे अर्थ कळायच्या कितीतरी आधी नाव कानात बसायला लागतं. ते तिच्या कानात आत्तापासून पडावं, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच पडावं, अशी माझी फार इच्छा आहे.

बाबा, यादी मी जपून ठेवली आहे. मेधाविनी आणि शुचिस्मिता या दोन नावांसमोर तुम्ही लिहिलेले अर्थ मी तिला वाचून दाखवणार आहे, ती विचारण्याएवढी झाली की.

आता तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे, आणि ती फॉर्म भरायच्या आधी हवी. आई, तुझ्या माहेरच्या किंवा आपल्या घरातल्या कुणा मीराची अशी काही आठवण आहे का, जिच्यामुळे हे नाव घेताना तुमच्यापैकी कुणाचाही जीव अडखळेल? मला माहीत नसलेली, माझ्या जन्माआधीची? तसं असेल तर आकडे बिकडे बाजूला ठेवून मी हे नाव सोडेन, आणि मग मधुरा आहेच. आणि बाबा, वर लिहिलेल्यातलं काही चुकीचं वाटलं तर समासात खूण करून पान परत पाठवा, "तुमची मर्जी" नको. रविवारी संध्याकाळी फोन करते. तोपर्यंत दोघांनी घरात मोठ्यानं हाक मारून बघा.

तुमची,
ऋजुता