दिगू, टॉर्च निवडायचा आहे

प्रिय दिगू,

पत्राचं कारण आधी सांगतो, नाहीतर इकडचंतिकडचं लिहिताना माझं लक्ष लागणार नाही. परवाच्या नाईट राऊंडला आपला धाकटा, ज्याच्या वरातीत तू बँडवाल्याशी भांडलास तो, एका बंद इमारतीच्या जिन्यात पुढे होता आणि मी त्याच्या मागे. हातात टॉर्च नवाकोरा, खोक्यावर दोन हजार ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेले. खाली दारात लावला तेव्हा सगळा जिना उजळला. दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत उजेड डोळ्यांदेखत उतरला. विझला असता तर निदान कळलं तरी असतं. हा नुसता मंद होत गेला, आणि वरच्या दाराआड काय आहे ते दिसेना. त्याने घाईत बटण पुन्हा दाबलं, तर टॉर्च फडफडायला लागला. हा डोळे दिपवायचा मोड. जिन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून तो फडफडाट उलटा आमच्याच डोळ्यांत. पोरगा जागच्या जागी थिजला. वर कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

इथे कोणालाही सांगितलं तर म्हणतात, ‘बदलून घ्या की.’ तू तसं म्हणणार नाहीस. गोदामात तू माझ्या मागे होतास.

माझी तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे, पाठ आहे तशीच.

आता साहेबांनी काम माझ्याकडे दिलंय. अख्ख्या पोलीस ठाण्यासाठी कोणता टॉर्च मागवायचा, का मागवायचा, ते एका पानात लिहून द्यायचं. मी कपाटातले सगळे जुने टॉर्च काढून टेबलावर मांडून बसलो. एकाचं मागचं टोपण फिरेचना. पकडीने जोर लावला तेव्हा करकरत सुटलं, आणि आत पांढरी भुकटी, स्प्रिंग हिरवी पडलेली, सेल फुगून नळीला चिकटलेले. कोणीतरी साधे अल्कलाइन सेल घालून टॉर्च कपाटात ठेवला आणि विसरला. ते सेल पडून राहिले की गळतात, आतलं रसायन धातू खातं. बाहेरून टॉर्च बघशील तर एक ओरखडा नाही. पडण्या-आपटण्याने टॉर्च मरतात त्यापेक्षा जास्त असे कपाटात मरतात, असं माझं मत झालंय.

तुझा दांडका, तो मॅगलाइट टॉर्च, पण सापडला. हो, तोच. उस्ताद त्याला ‘दिगूची दुसरी’ म्हणायचे आणि वहिनींनी एकदा ते ऐकलं होतं. मॅगलाइट 1979 मध्ये बाजारात आला आणि ॲल्युमिनियमच्या त्या नळीने पोलिसांचा टॉर्च कसा असावा हेच ठरवून टाकलं, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. चार जाडे सेल घातले की किलोभर वजन. पण ‘वेळ पडली तर लाठी’ हे जे तू वर्षानुवर्षं म्हणत आलास, त्यावर मी आजही भांडणार. 1992 मध्ये डेट्रॉइटला मॅलिस ग्रीन नावाचा माणूस पोलिसांच्या टॉर्चच्या माराने मेला. दोन पोलिसांना शिक्षा झाली. पुढे 2004 मध्ये लॉस एंजेलिसला एका पळून दमलेल्या माणसाला टॉर्चने मारतानाचं दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं, आणि तिथल्या पोलीस खात्याने पेलिकन कंपनीकडून आखूड, हलका टॉर्च बनवून घेऊन 2007 पासून वाटायला सुरुवात केली. हातात वजनदार नळी असली की घाबरलेला हात तीच उगारतो. तू उगारली नसतीस, ठाऊक आहे मला. पण मी तुझ्यासाठी निवडत नाहीये, ज्यांची पहिलीच नाईट आहे त्यांच्यासाठी निवडतोय. म्हणून माझ्या पानावर पहिली ओळ वजनाची: कमरेला दिवसभर असून विसरायला झालं पाहिजे. जड टॉर्च माणूस गाडीत ठेवून उतरतो, आणि दुपारी सुरू झालेलं काम तळघरात जाऊन संपतं.

मग ल्युमेन. सगळे तेवढंच विचारतात. ल्युमेन म्हणजे टाकीतलं एकूण पाणी धर. नळीच्या तोंडाशी जोर किती ते सांगते कँडेला. आपल्याला दोन्ही लागतं, पण लांबच्या शेतात, आडव्या गल्लीत, गाडीच्या काळ्या काचेआड बघायचं तर कँडेला पाहिजे. याचा हिशोब सोपा आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढ आणि दुप्पट कर, तेवढे मीटर उजेड पोचतो. दहा हजार कँडेला म्हणजे 200 मीटर, चाळीस हजार म्हणजे 400. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट. आणि ‘पोचतो’ म्हणजे त्या टोकाला साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. त्यात माणूस उभा आहे एवढं कळेल, हातात काय आहे ते कळणार नाही. म्हणजे खोक्यावरच्या अंतराच्या निम्म्यावरच भिस्त ठेवायची. उलट घरात शिरताना नुसता लांब फेकणारा अरुंद झोत घेतलास तर एक ठिपका लख्ख आणि दोन्ही कोपरे अंधारात. मधला झोत आणि भोवतीचा पसरट उजेड, दोन्ही बेताचे पाहिजेत.

जिन्यातल्या प्रकाराचं उत्तरही खोक्यावरच आहे, फक्त ते वाचता यावं लागतं. एएनएसआय एफएल 1 म्हणून टॉर्चचं अमेरिकी मानक आहे, 2009 पासून. त्यात ल्युमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर 30 सेकंदांपासून 2 मिनिटांच्या आत. आणि ‘इतके तास चालतो’ म्हणजे मूळ उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत चालतो! दोन हजारचा दोनशेवर आला तरी तो खोक्याच्या हिशोबाने ‘चालू’च असतो. लहान नळीत एवढा उजेड कोंबला की एलईडी तापतो, तापला की आतलं सर्किट स्वतःहून उजेड उतरवतं, नाहीतर जळेल. म्हणजे त्या रात्री बिघाड काहीच झाला नव्हता. टॉर्च त्याच्या रचनेप्रमाणेच वागला. मला राग त्याचाच येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा कंपन्या पुष्कळ आहेत. मला आठशे-हजार ल्युमेनचा टॉर्च चालेल, पण तासभर तेवढाच उजेड धरणारा. तास-उजेडाचा आलेख दाखवा म्हणावं, नसेल दाखवत तर पुढचा.

पडण्याचं मी मानकावर सोडतो. किती मीटरवरून काँक्रीटवर पाडून पाहिलाय ते खोक्यावर असतं, दोन मीटरच्या खालचा घेऊ नये. माणसाच्या खांद्यावरून सुटला तर दीड मीटर होतातच. टॉर्च पाणी किती सोसतो ते आयपीएक्सचा आकडा सांगतो. आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे. आपल्याला आयपीएक्स 7 पाहिजे, एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण दिगू, पाणी अडवतो तो टोपणातला बोटभर रबरी रिंग. तो सुकून चिरला की आयपीएक्सचा आकडा कागदावरच राहिला. रिंगला अधूनमधून सिलिकॉनचं ग्रीस लावायचं आणि सुटे रिंग मिळतात का ते आधी विचारायचं, हेही पानावर घातलंय. साहेब हसतील, हसू देत.

सेलांवर मी अजून अडलोय. 18650 मापाचा रिचार्जेबल लिथियम सेल रोजच्या वापराला उत्तम. सीआर123 हेही लिथियमचे, पण एकदा वापरून फेकायचे असतात, महाग पडतात, पण कपाटात दहा वर्षं टिकतात, थंडीत दगा देत नाहीत. काही टॉर्च दोन्ही घेतात, मला तसाच हवा. मात्र सीआर123 ची जोडी घालताना एक नवा एक जुना असं कोणी केलं तर दुबळा सेल तापून फुटू शकतो, आणि आपल्याकडे ड्रॉवरमधले सेल कसे एकत्र होतात ते तुला वेगळं सांगायला नको. शिवाय चार्जिंगला लावायचं कोणी? पाळी बदलताना टॉर्च हातोहात फिरला की तो कोणाचाच नसतो. ज्याचा टॉर्च त्याच्या नावावर, आणि खिशात एक छोटा, साध्या सेलचा जास्तीचा. या दोन गोष्टींसाठी मी साहेबांशी वाद घालायला तयार आहे.

रंगाचं तुला आठवेल, तपकिरी शर्ट आणि मरून शर्टावरून झालेला तो गोंधळ. निळसर एलईडीखाली रंग खोटे दिसतात. रंग खरे दाखवणारे एलईडी मिळतात, पण तेवढ्याच सेलवर उजेड थोडा कमी देतात. मी तो कमी उजेड घेईन. साक्षीत रंग विचारतात, ल्युमेन कोणी विचारत नाही.

आणि पिस्तुलावरचा टॉर्च वेगळा, तो हातातल्याची जागा घेऊ शकत नाही, हे मी ठळक लिहिणार आहे. कुलूप शोधायला कोणी पिस्तूल रोखलेलं मला चालणार नाही.

उरतं बटण. खरी धास्ती मला त्याचीच आहे. पहिल्या दाबाला पूर्ण उजेड, अर्धवट दाबून धरलं तर तेवढ्यापुरता, सोडलं की अंधार, एवढंच पाहिजे. फडफडणारा मोड असलाच तर वेगळ्या बटणावर. पोरांना मी खोलीतले दिवे घालवून, ओले हातमोजे घालून टॉर्च लावायला लावला. मागच्या टोपणावर बटण असलेला पटकन सापडतो, अंगठा आपसूक तिथे जातो. पण टॉर्च खाली धरून चालताना, कागदावर उजेड पाडताना, अंगावरचं बटण सोयीचं. त्या पेलिकनला दोन्हीकडे होतं. दोन बटणं म्हणजे गोंधळायला दोन जागा, असंही मला वाटतं. दिवसभर यावर डोकं चालवलं तरी ठरत नाही.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. धाकटीचा निकाल लागला असेल, पेढ्यांची वाट बघतोय. बदलीच्या अर्जाचं वहिनींना अजून सांगितलं नसशील तर आधी सांग, मग मला लिही.

आणि गोदामात तू एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने टॉर्च लावलास, तेव्हा बटण अंगठ्याखाली होतं की बोटाखाली, ते आठवून कळव. मला सोमवारी पान द्यायचंय, तेव्हा पत्र नको, फोनच कर. रात्री दहानंतर मी जागाच असतो.

तुझा,
बाळ्या